इम्पॅक्ट ड्रायव्हरसाठी टिकाऊ बिटं: शेडच्या कामातल्या नोंदी

काम असं: लाकडी सांगाड्याची कामाची शेड. खाली फळ्यांची जमीन, बाजूंना प्लाय, वर पत्रा, आतून जिप्सम बोर्ड. हत्यार १८ व्होल्टचा इम्पॅक्ट ड्रायव्हर. शेड कशी उभी केली ते इथे लिहीत नाही. या नोंदी फक्त बिटांच्या, म्हणजे ड्रायव्हरच्या तोंडात बसवून स्क्रू फिरवणाऱ्या टोकांच्या आहेत, कारण या कामात सगळ्यात जास्त वेळ बिटांनी खाल्ला आणि नेमकं त्याबद्दल कामाला लागण्याआधी कुणी सांगत नाही. हजारांच्या हिशेबात स्क्रू मारायचे असतील, तर पुढचं वाचून थोडा पैसा आणि बराच मनस्ताप वाचेल.

४ जानेवारी

खालची चौकट जोडायला घेतली. हाताशी होता तो मिश्र संच: २५ मिमीची आखूड बिटं, चुंबकाचा एक होल्डर, सगळं एका प्लास्टिकच्या डबीत. स्क्रू ५ मिमी जाडीचे, फुलीच्या खाचेचे. फुली म्हणजे पीएच-२ (फिलिप्स खाचेचं दोन नंबरचं माप) असं धरून बिट लावलं.

पहिल्या तासातच बिट खाचेतून उड्या मारायला लागलं. स्क्रू पाऊण आत जातो, लाकूड घट्ट धरतं, ड्रायव्हर ठोके द्यायला लागतो आणि त्याच क्षणी बिट वर उचललं जातं. खाचेच्या कडा खाल्ल्या जातात, मग तो स्क्रू आतही जात नाही आणि बाहेरही येत नाही. दुपारपर्यंत मूठभर बिटं गोल झाली आणि डोकं खराब झालेले स्क्रू चौकटीत अर्धवट उभे राहिले. ते पकडीनं धरून काढण्यात उरलेली दुपार गेली.

संध्याकाळी उजेडात स्क्रूचं डोकं नीट पाहिलं. फुलीच्या चार पाकळ्यांच्या मधोमध, ४५ अंशांवर, चार बारीक रेघा कोरलेल्या होत्या. म्हणजे हे स्क्रू फिलिप्सचे नव्हतेच, पोझिड्राइव्हचे होते. त्यांना पीझेड-२ लागतं. पीएच-२ त्यात बसतं, म्हणून शंका येत नाही. पण फिलिप्सच्या पाकळ्या टोकाकडे निमुळत्या होत जातात, पोझिड्राइव्हच्या बाजू जवळजवळ सरळ असतात. निमुळती पाकळी सरळ भिंतीला जेमतेम कडेवर टेकते आणि सगळा जोर त्या कडेवर येतो. पीझेडचं बिट ओळखायचं तर पाकळ्यांच्या मधल्या कोपऱ्यांत बारीक उभ्या कण्या दिसतात. पीएचच्या बिटात तो कोपरा साफ असतो.

५ जानेवारी

त्याच डबीतलं पीझेड-२ लावलं. पोलाद तेच, संच तोच, पण फरक लगेच कळला. बिट खाचेत ठेवून हात सोडला तरी स्क्रू आडवा राहतो, डुगडुगत नाही. घसरणं जवळपास थांबलं.

बिटांवर खर्च करायचा विचार असेल तर आधी हे फुकटचं काम करा. खाच आणि बिट एकाच जातीचं, एकाच मापाचं आहे ना, ते बघा. चुकीच्या खाचेत महागडं बिटसुद्धा तसंच गोल होईल, फक्त थोडं उशिरा.

७ जानेवारी

घसरणं थांबलं, तर आता तुटणं सुरू झालं. खराब झालेली सगळी बिटं एका वाटीत गोळा करून भिंगाखाली पाहिली. बिट कसं गेलं यावरून दोष कुठे आहे ते बऱ्यापैकी कळतं, म्हणून सविस्तर लिहितो.

काहींची टोकं गुळगुळीत, गोलावलेली. कडा चमकत होत्या. ही घसरून झिजलेली. एक तर बिट खाचेत नीट बसत नव्हतं किंवा पोलाद मऊ होतं.

काहींच्या एक-दोन पाकळ्यांचा टवका उडालेला. तुटलेली जागा करडी, दाणेदार, कडा तीक्ष्ण. अशी बिटं झिजायच्या आधीच जातात. पोलाद फार कडक, म्हणून ठिसूळ. कानस लावून पाहिली तर टोकावरून ती काचेवरून घसरावी तशी घसरली.

तिसरा प्रकार थोडा. टोक शाबूत, पण बिटाची मान पिळलेली, पाकळ्यांची रेघ खालच्या षटकोनाशी, म्हणजे बिटाच्या सहा कोनी दांड्याशी, जुळत नाही. ही बिटं तुटली नाहीत, वळून बसली. ड्रायव्हरच्या जोरापुढे पोलाद कमी पडलं.

एकाच संचात तिन्ही प्रकार सापडले, हे मला महत्त्वाचं वाटलं. त्या संचातल्या प्रत्येक बिटाला पाणी (पोलाद तापवून, गार करून कडक करणं) सारखं दिलेलंच नव्हतं. कुठलं बिट चांगलं निघेल ते नशिबावर. स्वस्त मिश्र संचाची खरी अडचण ही आहे. त्यातलं एखादं बिट उत्तम निघतंही, पण ते कुठलं हे आधी कळायला मार्ग नाही.

११ जानेवारी

‘इम्पॅक्ट’ असं छापलेली ५० मिमीची पीझेड-२ बिटं आणली. किंमत साध्या बिटाच्या दुपटीहून थोडी जास्त.

या शिक्क्याला अर्थ आहे का, हा प्रश्न होता. आहे, पण तो ड्रायव्हर कसा चालतो त्यावरून समजतो. साधा ड्रिल सतत पीळ देतो. इम्पॅक्ट ड्रायव्हर हलकं काम असेपर्यंत तसाच चालतो. विरोध वाढला की आतला हातोडा स्प्रिंग दाबून मागे सरकतो, सुटतो आणि पुढच्या ऐरणीवर आडवा ठोका देतो. १८ व्होल्टच्या यंत्रात असे ठोके मिनिटाला ३००० ते ४००० पडतात आणि कमाल टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, साधारण १५० ते २०० न्यूटन मीटर असतो. उत्पादकांच्या तक्त्यांत टी-२५ टोकासाठी (‘टी’ म्हणजे टॉर्क्स या सहा पाकळ्यांच्या खाचेचं माप) किमान चाचणी टॉर्क सुमारे १६ न्यूटन मीटर दिलेला असतो, टी-३० साठी सुमारे ३१. हे दोन आकडे शेजारी ठेवले की बिटं का तुटतात याचं नवल राहत नाही. यंत्रात बिटाला कितीतरी वेळा मोडण्याइतकी ताकद आहे. ती किती वापरायची ते घोड्यावरच्या, म्हणजे ड्रायव्हरच्या दाबायच्या बटणावरच्या, बोटावर आहे.

चांगल्या इम्पॅक्ट बिटात म्हणून दोन गोष्टी केलेल्या असतात. टोक आणि षटकोन यांच्यामधली मान बारीक केलेली असते. ठोका बसला की ती मान किंचित पिळते आणि परत सरळ होते, त्यामुळे ठोक्याचा कडाका टोकापर्यंत तेवढा पोहोचत नाही. दुसरं, पोलादाला पाणी थोडं कमी कडक दिलेलं असतं. साधी ‘एक्स्ट्रा हार्ड’ बिटं रॉकवेल सी या कडकपणाच्या मापावर ६० च्या आसपास असतात, इम्पॅक्टची त्याहून थोडी खाली. कडकपणा थोडा सोडायचा आणि चिवटपणा घ्यायचा, असा तो सौदा.

पाकिटावर बहुतेक वेळा एस-२ लिहिलेलं असतं. एस-२ हे धक्का सोसणाऱ्या हत्यारी पोलादांच्या गटातलं. त्यात कार्बन अर्ध्या टक्क्याच्या आसपास, शिवाय सिलिकॉन आणि मॉलिब्डेनम. क्रोम व्हॅनेडियम या दुसऱ्या हत्यारी पोलादापेक्षा या कामाला बरं. पण नुसतं नाव वाचून निवड करू नका. माझ्या वाटीतल्या टवका उडालेल्या बिटांवरही एस-२ च कोरलेलं होतं. पोलाद कुठलं, यापेक्षा त्याला पाणी कसं दिलं यावर सगळं ठरतं आणि ते पाकिटावर छापत नाहीत.

नवी बिटं दिवसभर चालवली. टवका एकाचाही उडाला नाही. टोकं हळूहळू, सगळीकडून सारखी झिजतायत. बिटाची झीज अशीच असावी.

१२ जानेवारी

छोटी नोंद. चुंबकी टोकावर लोखंडाचा कीस साठतो. तो साठला की बिट खाचेत तळापर्यंत जात नाही आणि घसरतं. खिशात जुना टूथब्रश ठेवला आहे, मध्येच टोकावर फिरवतो. जमिनीवर पडलेलं बिट तसंच उचलून कधी लावू नये.

१८ जानेवारी

होल्डर बाद केला.

आखूड २५ मिमीचं बिट आणि चुंबकी होल्डर ही जोडी ड्रिलवर ठीक चालते. ठोक्यांखाली दोन दुखणी निघाली. एक म्हणजे डुगडुग. ड्रायव्हरच्या चकमध्ये (बिट धरणाऱ्या तोंडात) होल्डर थोडा सैल, होल्डरमध्ये बिट थोडं सैल, दोन्हींची बेरीज टोकाशी येते. टोक स्क्रूच्या मधोमध न राहता किंचित गोल फिरतं आणि पाकळ्यांवर आळीपाळीनं भार येतो. दुसरं म्हणजे बिट अडकणं. ठोक्यांनी आखूड बिटाच्या षटकोनाचे कोपरे फुगतात आणि होल्डरच्या आतली तारेची रिंग त्यावर चावून बसते. एक बिट काढायला होल्डर व्हाइसमध्ये धरून पकडीनं ओढावं लागलं. ते निघालं तेव्हा आतल्या चुंबकाचा तुकडाही बाहेर आला.

आता एकसंध ५० मिमीची बिटंच वापरतो. यांच्या षटकोनाला भोवताली एक खाच असते, ड्रायव्हरच्या चकमधली गोळी तिच्यात बसते. पाकिटावर याला ई ६.३ म्हणतात, खाच नसलेल्या आखूड बिटाला सी ६.३. दोन्हींचा षटकोन १/४ इंचाचा म्हणजे ६.३५ मिमीचाच. घेताना ई ६.३ बघून घ्या, सी ६.३ थेट चकमध्ये धरलं जाणार नाही.

५० मिमी हे माप मला सगळ्यात सोयीचं वाटलं. कोपऱ्यात पोहोचायला ९० मिमीचं एक ठेवलं आहे. १५० मिमीचं लांब बिट घेऊ नका असं म्हणत नाही, पण ते वाकतं, थरथरतं आणि हात जरा तिरका झाला की लगेच घसरतं. गरजेपुरतंच काढावं.

२३ जानेवारी

या कामातला सगळ्यात उपयोगी बदल आजचा. जमिनीच्या फळ्यांसाठी फुलीचे स्क्रू सोडून टॉर्क्सच्या खाचेचे, सहा पाकळ्यांचे स्क्रू घेतले. डब्यामागे किंमत जास्त पडली. माझा हिशेब असा आहे की बिटाची खरी किंमत त्यानं बिघडवलेल्या स्क्रूंमध्ये आणि ते उपसण्यात गेलेल्या वेळात असते. तो वेळ धरला तर हे स्क्रू स्वस्त पडले.

फुलीच्या खाचेच्या भिंती उतरत्या असतात. जितका जोरात पिळाल तितकं बिट वर ढकललं जातं, म्हणून ड्रायव्हरवर अंगाचा भार टाकावा लागतो. टॉर्क्सच्या भिंती उभ्या. बिटाला वर ढकलणारं काही नाही. ड्रायव्हर एका हातानं धरून, दुसऱ्या हातानं फळी दाबून स्क्रू मारता आला. दिवसअखेर मनगट दुखलं नाही, हे वेगळं लिहावंसं वाटतं.

ते टी-२५ बिट संध्याकाळी तपासलं. पाकळ्यांची कड अजून बोटाला लागते. पीझेडचं बिट एवढ्या कामात निम्मं गेलं असतं.

टॉर्क्समध्ये मात्र दोन ठिकाणी सांभाळा.

टी-२० हे टी-२५ च्या खाचेत जातं आणि फिरतंही. टी-२० ची टोकापासून टोकापर्यंतची रुंदी ३.९ मिमीच्या जवळ, टी-२५ ची साडेचार मिमीच्या जवळ. अर्ध्या मिलिमीटरचा फरक हाताला कळत नाही, पण ठोके सुरू झाले की बिटाच्या पाकळ्या गोल होतात आणि खाचही जाते. माझ्या स्क्रूंपुरतं गणित असं: ४ मिमीला टी-२०, ५ मिमीला टी-२५, ६ मिमीला टी-३०, ८ मिमीला टी-४०. डब्यावर माप छापलेलं असतं, तेच अंतिम माना. बिटांवर मी रंगाच्या पट्ट्या लावल्या आहेत, टी-२० ला पिवळी, टी-२५ ला लाल. कोरलेला आकडा धुळीत आणि घाईत दिसत नाही.

दुसरं, मिश्र संचांतल्या टॉर्क्स बिटांच्या टोकाला पुष्कळदा मधोमध भोक असतं. ते छेडछाड टाळणाऱ्या, मध्ये खुंटी असलेल्या स्क्रूंसाठी. त्या भोकामुळे टोक पोकळ होतं. इम्पॅक्टखाली भोकाचं टी-२५ पाकळीच्या मुळाशी चिरलं. लाकूडकामाला भरीव टोकाचंच बिट घ्या.

२ फेब्रुवारी

खांब आणि तुळया. इथलं लाकूड कठीण आणि स्क्रू ६ मिमी जाड, लांब. आधी भोक न पाडता थेट मारायला गेलो. टी-३० चं चांगलं, महागातलं बिट मानेत मोडलं. मोडलेलं टोक खाचेत रुतून बसलं, ते टोच्यानं उकरून काढावं लागलं. पुढच्या स्क्रूला बिट टिकलं, तर स्क्रूचंच डोकं तुटलं.

बिट बदलून हे सुटणार नव्हतं. ४ मिमीच्या ड्रिलनं आधी भोक पाडलं, आट्यांना थोडं मेण लावलं आणि त्याच मेकचं बिट न मोडता दिवसभर चाललं. ठोके निम्म्यावर आले, ते कानालाच कळतं. मेणाऐवजी साबण लावायची पद्धत आहे, पण साबण ओल धरतो आणि त्यानं स्क्रू गंजतो. मेणबत्तीचा तुकडा पुरतो.

भोक पाडायला ड्रिल आणि मारायला ड्रायव्हर, अशी दोन यंत्रं हाताशी असतील तर वेळ फारसा जात नाही. एकाच यंत्रावर बिट बदलत बसायचं तर कंटाळा येतो हे खरं. तरी कठीण लाकडात भोक पाडाच.

९ फेब्रुवारी

सोनेरी बिटांबद्दल. हा सोनेरी मुलामा टायटॅनियम नायट्राइडचा. फार कडक, पण फार पातळ थर. घासून होणारी झीज तो खरोखर उशिरा आणतो. तुटणं तो थांबवू शकत नाही, कारण ताकद आतल्या पोलादाचीच. ज्या बिटांना टवके उडतायत त्यांच्यावर सोनं चढवून उपयोग नाही. शिवाय नुसता रंग सोनेरी असलेली बिटंही मिळतात. पहिल्याच डब्यात टोकावरचा रंग उडून खालचं करडं पोलाद दिसलं, तर तो रंगच होता असं समजायला हरकत नाही.

हिऱ्याच्या कणांचा लेप दिलेली बिटं वेगळ्या कामाची. वेरा या हत्यारांच्या मेकच्या इम्पॅक्टर मालिकेसारख्या काही बिटांच्या टोकाला असा खरखरीत लेप असतो. कण खाचेच्या भिंतीत रुततात आणि बिट घसरू देत नाहीत. फुलीच्या खाचेत याचा फायदा जाणवला, टॉर्क्समध्ये फारसा नाही, तिथे घसरण्याचा प्रश्नच कमी. मी असं एकच पीझेड-२ घेऊन वेगळं ठेवलं आहे, फक्त अर्धवट खराब झालेले स्क्रू काढायला. पहिल्या दिवशी मारलेले, चौकटीत अडकून राहिलेले स्क्रू त्यानं बरेच निघाले. काढण्याआधी खाचेतला भुसा आणि रंग टोच्यानं पूर्ण उकरायचा, बिट हातोडीनं हलकेच ठोकून बसवायचं, मग घोडा अगदी हळू दाबायचा. रोजच्या कामाला हा लेप वाया जातो. कण उडून गेले की ते साधं बिट.

१५ फेब्रुवारी

झिजलेली बिटं घासून परत वापरता येतात का, ते पाहिलं.

फिलिप्सच्या बिटाचं टोक पुढून थोडं सपाट केलं की ते खाचेत जास्त खोल जातं आणि वरच्या, न झिजलेल्या पाकळ्या भिंतीला टेकतात. कल्पना बरोबर आहे. पहिलं बिट ग्राइंडरवर धरलं आणि काही क्षणांत टोक निळं पडलं, मग राखाडी. निळा रंग म्हणजे ३०० अंशांच्या आसपास, राखाडी त्याच्याही पुढे. पोलादाचं पाणी उतरलं. ते बिट लावून पाहिलं तर पाकळ्या अक्षरशः दुमडल्या.

दुसरं बिट चाकाला जेमतेम टेकवून, दर वेळी पाण्यात बुडवून घासलं. रंग बदलू दिला नाही. ते चाललं, नव्याइतकं नाही पण बऱ्यापैकी. पोझिड्राइव्हला ही युक्ती लागली नाही, टॉर्क्सला तर अजिबात नाही. टॉर्क्सची झीज टोकाला नसते, पाकळ्यांच्या बाजूला असते. एका बिटाला लागणारा वेळ पाहता हे बंद केलं. बिट संपलं आणि दुसरं हाताशी नाही, अशा वेळेपुरतं ठीक.

२२ फेब्रुवारी

पत्रा. इथे बिट नाही, ८ मिमीचा षटकोनी सॉकेट लागतो. स्वतःच भोक पाडत जाणाऱ्या ५.५ मिमीच्या स्क्रूंचं डोकं ८ मिमीचं असतं, ६.३ मिमीच्या स्क्रूंचं १० मिमीचं. १/४ इंच षटकोनाचाच, चुंबकी सॉकेट घेतला.

दोन गोष्टींनी त्रास दिला. स्क्रूच्या टोकानं पत्र्यातून निघालेला कीस चुंबकावर चढतो, सॉकेट भरतो आणि डोकं आत बसेनासं होतं. वर चढून उन्हात बसलेलं असताना दर थोड्या वेळानं तो कीस चिमटीनं काढणं फार चिडचिडीचं. नंतर एक उपाय सापडला: चिकटपट्टीचा तुकडा बोटाला उलटा गुंडाळून सॉकेटमध्ये दाबायचा, कीस त्याला चिकटून येतो. दुसरी गोष्ट, ठोक्यांनी आतला चुंबक मागे सरकला. तो सरकला की स्क्रू सॉकेटमध्ये खोल जातो, वॉशरच्या कडेला सॉकेट टेकतो आणि रबर कुरतडलं जातं. चुंबक पिनेनं अडवलेला आहे का हे घेताना बघावं. नुसता चिकटवलेला टिकत नाही.

त्याहून मोठा मुद्दा ड्रायव्हरचाच. पूर्ण वेगानं मारला तर स्क्रूचं टोक पत्र्यात शिरण्याआधीच तापून जळतं आणि शेवटी ठोके रबरी वॉशर चिरडून टाकतात. रबर धातूच्या वॉशरच्या कडेशी किंचित फुगलेलं दिसावं, बाहेर पसरलेलं नको. इम्पॅक्टला क्लच (ठरावीक जोर आला की फिरणं सोडणारी सोय) नसतो, त्यामुळे थांबायचं ते डोळ्यानं. अर्धा पत्रा झाल्यावर मी क्लच असलेला ड्रिल घेतला आणि उरलेलं काम त्यानं केलं. वेग कमी, पण वॉशर सगळे सारखे बसले. आधी चिरडलेले वॉशर बदलून घेतले, नाहीतर पहिल्या पावसात तिथूनच गळलं असतं.

१ मार्च

जिप्सम बोर्ड. स्क्रू खरोखरचे फिलिप्स, पीएच-२. इथे इम्पॅक्ट नकोच. ठोक्यानं डोकं कागद फाडून आत जातं आणि मग तो स्क्रू बोर्ड धरत नाही. ड्रिलवर कॉलर असलेलं पीएच-२ लावलं. कॉलर बोर्डाला टेकली की बिट खाचेतून आपोआप सुटतं आणि डोकं पृष्ठभागाच्या जरा खाली राहतं. फुलीचं जे घसरणं बाकी सगळीकडे डोक्याला ताप होतं, ते इथे कामी आलं.

६ मार्च

दाराच्या बिजागऱ्या, पितळी स्क्रू. आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू मारून आटे पाडले, तो काढला, मग पितळी स्क्रू हातानं. पितळाला ड्रायव्हर लावलाच नाही. स्टेनलेसचे काही स्क्रू कडी-कोयंड्याला होते, तेही शेवटचे फेरे हातानं. स्टेनलेसची खाच साध्या पोलादी स्क्रूपेक्षा लवकर फाटते आणि कठीण लाकडात डोकं सहज तुटतं.

१० मार्च

काम संपत आलं. आता पेटीत काय ठेवलं आहे ते लिहितो, म्हणजे पुढच्याला खरेदीला जाताना हाताशी असेल.

मिश्र संच नाही. ज्या खाचा खरोखर लागतात त्यांचीच एकसंध ५० मिमीची इम्पॅक्ट बिटं, एकाच मापाच्या पाकिटात. टी-२५ सगळ्यात जास्त, कारण तेच दिवसभर चालतं. टी-२० आणि टी-३० थोडी. पीझेड-२ थोडी. पीएच-२ फक्त जिप्समसाठी. हिऱ्याच्या लेपाचं एक. ९० मिमीचं टी-२५ एक. ८ मिमीचा सॉकेट, पिनेनं चुंबक अडवलेला.

मेक कुठलाही असो, सगळ्यात महागडी बिटं मी घेतली नाहीत. मधल्या किमतीची बारीक मानेची बिटं आणि सगळ्यात महाग बिटं यांच्यातला फरक माझ्या कामात जाणवण्याइतका नव्हता. स्वस्तातली आणि मधली यांच्यातला फरक मात्र पहिल्या तासात कळला. मधल्या किमतीतलं पाकीट घ्यायचं आणि बिट वेळेवर फेकायचं, हे मला परवडलं. शेवटच्या थेंबापर्यंत वापरलेलं बिट स्क्रू बिघडवतं आणि बिघडलेला स्क्रू पुढचं नवं बिटही बिघडवतो.

कधी फेकायचं? मी मोजत नाही. टॉर्क्सचं बिट खाचेत घालून हातानं डावीकडे-उजवीकडे फिरवतो. नव्या बिटाच्या मानानं जास्त मोकळं फिरलं तर ते जुन्या डब्यात. फुलीच्या बिटाच्या पाकळ्यांची कड नखाला लागली नाही तर तेही. एकदा घसरलं की डोळ्याजवळ आणून बघतो, दुसऱ्यांदा घसरलं की बदलतो.

नवं पाकीट घेतल्यावर सगळी बिटं वापरायला काढण्याआधी दोन-तीन तपासायची. बिट चकमध्ये लावून ड्रायव्हर हळू फिरवायचा आणि टोकाकडे बघायचं. टोक गोल फिरताना दिसलं तर बिट वाकडं आहे. मग वापरायचाच तो स्क्रू टोकावर लावून ड्रायव्हर आडवा धरायचा. स्क्रू सरळ राहिला पाहिजे, खाली झुकता कामा नये. चुंबकानं नुसता लोंबकळत धरला असेल तर खाच आणि टोक जुळत नाही. कानस मानेवर हलकीच फिरवायची. थोडी चावली पाहिजे. मानेवरही टोकासारखीच घसरली, तर पाणी सगळीकडे सारखंच कडक दिलंय आणि ती मान पिळायच्या आधी मोडेल. अशी बिटं मी ड्रिलसाठी ठेवतो, इम्पॅक्टला लावत नाही.